दोन रंगांचं घड्याळ, चौकडीचा शर्ट आणि गोव्याची हवा

टू-टोन घड्याळाला नावं ठेवणं आजकाल फार सोपं झालंय. स्टील आणि सोनं एकाच पट्ट्यात म्हणजे धड हे नाही धड ते नाही, आहेरात मिळाल्यासारखं, ऐंशीच्या दशकातले काका घालायचे तसलं, असं म्हणतात लोक, आणि ज्यांनी नुकतंच पहिलं महागडं स्टीलचं घड्याळ घेतलंय ते तर जास्तच जोरात म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. पुरुषांच्या अंगावर ज्या मोजक्या वस्तू असतात त्यात टू-टोन क्रोनोग्राफ, म्हणजे बटण दाबून सेकंद मोजता येतात असं दोन धातूंचं घड्याळ, ही मला सगळ्यात विचार करून बनवलेली वस्तू वाटते, आणि का वाटते ते आज जरा सविस्तर लिहितो, मग शर्टांवर पण येतो, कारण दोन्ही विषय माझ्या डोक्यात वेगळे नाहीतच.

सोनं मऊ असतं, ओरखडा पटकन पडतो, जड असतं आणि किंमत तर विचारू नका. स्टील टणक असतं, घाम-पाणी सोसतं, पण त्याला ती ऊब नसते. मग दोघांना कामं वाटून दिली. रोलेक्सने स्टील-सोन्याच्या या जोडीसाठी रोलेसॉर हे नाव १९३३ मध्येच नोंदवून ठेवलं होतं, आणि त्यांची घड्याळं बघितली तर वाटणी लक्षात येते, बेझल (डायलभोवतीचं कडं) सोन्याची, चावी सोन्याची, पट्ट्याच्या मधल्या कड्या सोन्याच्या, आणि जे टेबलावर घासतं, दारावर आपटतं, ते केस (घड्याळाचं कवच) आणि बाहेरच्या कड्या स्टीलच्या. कार्तिएने १९०४ मध्ये आल्बेर्तो सांतोस-दुमों या ब्राझीलच्या वैमानिकासाठी मनगटी घड्याळ केलं, कारण विमान चालवताना खिशातून घड्याळ काढणार कोण, आणि त्याच सांतोसला १९७८ मध्ये स्टील-सोन्याचा पट्टा आणि उघडे स्क्रू देऊन परत आणलं. खऱ्या अर्थाने टू-टोनची लाट तिथून आली असं मी मानतो. उघडे स्क्रू म्हणजे कारखान्याची खूण, सोनं म्हणजे सणाची. सकाळी ऑफिस आणि संध्याकाळी लग्नाचं रिसेप्शन, दोन्हीकडे एकच घड्याळ चालावं ही साधी गरज त्यामागे आहे, आणि ज्या माणसाकडे एकच चांगलं घड्याळ असतं त्याची ही गरज खरीच असते.

माझ्या मामाकडे एकच होतं. मामा कुवेतला होता, आमच्या फोंड्याकडच्या बऱ्याच घरांत तेव्हा कोणीतरी गल्फला असायचंच, आणि त्याने तिथल्या बाजारात सीकोचा टू-टोन क्रोनोग्राफ घेतला होता. १९८३ मध्ये सीकोने ७ए२८ नावाचं मशीन काढलं, काटे असलेला जगातला पहिला क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर चालणारा, क्रोनोग्राफ, आणि मामाचं त्याच घराण्यातलं, वार-तारीख दाखवणारं. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला तेव्हा जे दीड लाखाच्या वर भारतीय अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी आणले गेले, त्यात मामा होता. मुंबईला उतरला, तेव्हा कोकण रेल्वे नव्हतीच, रात्रभर बसने घरी आला, एक बॅग आणि हातात ते घड्याळ. पगार बुडाला, सामान राहिलं, पण नंतरच्या चवथीला माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळं-पानांची चौकट) बांधताना शिडीवर चढलेल्या मामाच्या मनगटावर ते चमकत होतं आणि आजी म्हणाली, माझा मुलगा रिकाम्या हाताने नाही आला. हे वाक्य मी कितीदा आठवलंय. म्हणून कोणी टू-टोनला काकांचं घड्याळ म्हणालं की मी म्हणतो हो, काकांचंच, मामांचंच, आणि त्यांनी ते कमावलेलं होतं.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी की सगळं सोनं सोनं नसतं. महागड्या घड्याळात कड्या भरीव १८ कॅरेटच्या असतात. त्याखालोखाल जुन्या स्विस घड्याळांत जाड मुलामा असायचा, केसवर १० किंवा २० मायक्रॉन असं कोरलेलं सापडतं, तो नीट वापरला तर कित्येक वर्षं टिकतो. आजच्या स्वस्त टू-टोनमध्ये असतो तो फार पातळ थर, आणि आपल्या हवेत, म्हणजे समुद्राचा खार, घाम आणि वर जून ते सप्टेंबर पाऊस, तो आधी कुठे जातो माहितेय? लगच्या (केसला पट्टा जोडणाऱ्या टोकांच्या) कडांवर आणि क्लास्पपाशी (पट्ट्याच्या अडकणीपाशी), जिथे मनगट घासतं. म्हापशाच्या बाजारात किंवा कोणाच्या घरचं जुनं घड्याळ घेत असाल तर डायल बघायच्या आधी त्या कडा बघा, मग बटणं दाबून बघा, सेकंदाचा काटा रीसेट केल्यावर बरोबर बारावर येऊन थांबतो की थोडा बाजूला. बाकी सगळं दुरुस्त होतं. उडालेला मुलामा पुन्हा चढवता येतो पण मूळच्या कडांची धार परत येत नाही, आणि पॉलिश करून करून गोल झालेलं घड्याळ मला तरी बघवत नाही.

आणि क्रोनोग्राफच का, नुसतं साधं टू-टोन का नाही? कारण क्रोनोग्राफ काम करतो. वरचं बटण दाबलं की काटा धावतो, परत दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की शून्यावर. निकोला रियुसेक नावाच्या फ्रेंच घड्याळजीने १८२१ मध्ये पॅरिसला घोड्यांच्या शर्यतीत जे यंत्र वापरलं ते अक्षरशः डायलवर शाईचा ठिपका टाकायचं, घोडा आला की ठिपका. त्याच्याही आधी, १८१६ मध्ये, लुई मुआनेने आकाशातले ग्रह-तारे मोजायला एक यंत्र केलं होतं. म्हणजे हे सगळं मोजण्यासाठी आलं, मिरवण्यासाठी नाही. बेझलवर जे आकडे असतात त्याला टॅकीमीटर म्हणतात आणि नव्वद टक्के लोक ते आयुष्यात वापरत नाहीत, खरं तर गणित एका ओळीचं आहे, ३६०० ला सेकंदांनी भागायचं. मडगावच्या बसमध्ये बसलात, वेर्ण्याच्या पठारावर किलोमीटरचा दगड दिसला की बटण दाबा, पुढच्या दगडाला परत दाबा, ४५ सेकंद लागले तर काटा ८० वर असेल, म्हणजे बस ताशी ८० ने जातेय. जुन्या डॉक्टरी क्रोनोग्राफवर नाडीची पट्टी असायची, ३० ठोके मोजा आणि थांबवा, काटा थेट मिनिटाचे ठोके दाखवतो.

पण माझी सगळ्यात आवडती पट्टी टेलिमीटर. पहिल्या महायुद्धात तोफखान्यातले लोक ती वापरायचे, शत्रूच्या तोफेचा उजेड दिसला की बटण, आवाज आला की बटण, आणि तोफ किती लांब ते कळायचं. आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर जातो, एवढं लक्षात ठेवलं तर पट्टी नसली तरी चालतं. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस येतो ना, दुपारी सगळं काळं होतं आणि वीज कडाडते, तेव्हा आमच्या व्हरांड्यात मी आणि भाचा हे करतो, वीज दिसली, दाबलं, गडगडाट, दाबलं, नऊ सेकंद, तीन किलोमीटर, मग पुढची सहा, मग तीन, आणि मग दोघं उठून आत जातो. मुलाला आवाजाचा वेग पुस्तकात शिकवायची गरजच पडली नाही.

क्रोनोग्राफच्या इतिहासातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९६९ हे वर्ष, स्वतः चावी भरून घेणारा ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ कोण आधी काढतो यावर स्वित्झर्लंडची झेनिथ, जपानची सीको आणि तिसरीकडे ब्राइटलिंग-ह्यूअर वगैरे मंडळी, सगळे एकाच वर्षी पोचले. झेनिथच्या मशीनचं नाव एल प्रिमेरो, ताशी ३६,००० ठोके, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग मोजता येतो. आणि त्याच वर्षाच्या शेवटी, डिसेंबरात, सीकोचंच क्वार्ट्झ आलं आणि मेकॅनिकल घड्याळांचा बाजार बसत गेला. १९७५ मध्ये झेनिथच्या अमेरिकन मालकांनी हुकूम काढला की मेकॅनिकल मशीनची हत्यारं, साचे सगळं काढून टाका. शार्ल व्हेर्मो नावाचा तिथलाच एक कारागीर होता, त्याने ते ऐकलं नाही, रोज थोडं थोडं करून साचे, कॅम, कागदपत्रं कारखान्याच्या माळ्यावर लपवली आणि कुठे काय ठेवलंय ते लिहून ठेवलं. पुढे ऐंशीच्या दशकात मेकॅनिकलला परत मागणी आली तेव्हा त्या माळ्यावरच्या सामानातून एल प्रिमेरो पुन्हा सुरू झालं, आणि रोलेक्सने १९८८ मध्ये डेटोना या आपल्या क्रोनोग्राफची पहिली ऑटोमॅटिक आवृत्ती काढली ती त्याच मशीनचे ठोके २८,८०० वर आणून, बरेच बदल करून. ती डेटोना स्टीलमध्ये आली, सोन्यात आली आणि टू-टोनमध्येही आली. तिघींमधली टू-टोन सगळ्यात कमी लाडाची, आणि मला तीच हवी आहे, कधी घेता येईल न येईल, पण त्या पांढऱ्या डायलवरच्या सोनेरी कड्या बघितल्या की मला तो माळा दिसतो.

आता शर्ट. क्रोनोग्राफ १२ ते १५ मिलिमीटर जाड असतो, शर्टाच्या कफमध्ये अडकतो, आणि रेडिमेड शर्टात यावर उपायच नाही. माझे टेलर, मडगावला, वय सत्तरच्या वर, मी त्यांना अंकल म्हणतो, ते माप घेताना पहिला प्रश्न विचारतात की घड्याळ कुठल्या हातात. मग त्या हाताचा कफ पाव इंच मोठा. बाहेरून कोणाला कळतही नाही पण बाही घड्याळावरून सरळ उतरते. चांगला पेहराव म्हणजे मला असली पाव इंचाची गोष्ट वाटते, ब्रँड नाही.

पेहरावाच्या ज्या ढंगाला आता सगळे प्रेपी म्हणतात तो अमेरिकेतल्या ईशान्येकडच्या शाळा-कॉलेजांतून आला, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनकडची पोरं, ऑक्सफर्ड या जाडसर सुती कापडाचा बटनडाउन शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर ब्लेझर, कधी पोलो टीशर्टवर शर्ट, कधी खांद्यावर गाठ मारलेला स्वेटर. त्यातल्या बटनडाउन कॉलरची हकिकत अशी की ब्रूक्स ब्रदर्सच्या घराण्यातल्या जॉन ब्रूक्सने इंग्लंडमध्ये पोलोचा सामना बघितला, घोडा धावताना कॉलर तोंडावर उडू नये म्हणून खेळाडूंनी ती बटणाने शर्टाला अडकवलेली, आणि १८९६ पासून न्यूयॉर्कच्या दुकानात तसा शर्ट विकायला आला. रने लाकोस्तने १९२६ मध्ये लांब बाह्यांचा कडक टेनिस शर्ट सोडून अर्ध्या बाह्यांचा, जाळीदार पिके विणीचा घातला तो खेळताना हात मोकळा राहावा म्हणून. बघा, परत तेच, प्रत्येक गोष्टीमागे काम आहे. कॉलरला बटण घोड्यामुळे, बाही अर्धी टेनिसमुळे, बेझलवर आकडे वेगामुळे. क्लासिक म्हणून जे टिकतं ते मला तरी बहुतेक असंच दिसलंय, काम संपलं तरी आकार उरला, आणि आकार उरला कारण तो मुळात विचार करून केलेला होता.

आणि म्हणूनच इन्स्टावर बघून जसाच्या तसा उचललेला थरावर थर गोव्यात चालत नाही. तिकडे ऑक्टोबरात गारठा असतो म्हणून शर्टावर स्वेटर आला, इकडे ऑक्टोबरात पणजीच्या अठरा जून रस्त्यावर दुपारी बाराला चालून दाखवा. वर्षाला जवळजवळ ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात लोकर घालायची तर त्याला कारण हवं. पण थर नकोत असं नाही हं. आमच्याकडे थर आहेत, फक्त आपण त्यांना फॅशन म्हणत नाही. गंजीवर उघड्या बटणांचा चौकडीचा शर्ट घालून बांधावर बसलेला माणूस गोव्याच्या कुठल्याही गावात दिसेल. दुचाकीवर जाताना टीशर्टवर लांब बाह्यांचा सुती शर्ट, उन्हासाठी, हा तर शुद्ध कामाचा थर. आमच्या आजोबांच्या पिढीतले भाटकार (जमीनदार) धोतरावर कोट घालायचे, डोक्यावर टोपी, कोटाच्या खिशात चेनचं घड्याळ, आणि त्याच काळात पणजीच्या रस्त्यावर लिननच्या पांढऱ्या सुटातले लोक फिरायचे. १९६१ च्या आधी, पोर्तुगीजांच्या काळात, इथल्या दुकानांत युरोपचा माल भरपूर यायचा, स्विस घड्याळं, नायलॉनचे शर्ट, फाउंटन पेन, आणि आजोबा शेवटपर्यंत सांगायचे की कपाटातला पहिला नायलॉनचा शर्ट त्यांनी दोनदाच घातला, आत माणूस शिजतो म्हणून. कापडाची निवड करायला यापेक्षा चांगली कसोटी मला माहीत नाही.

माझी निवड त्यामुळे मद्रास चेक्सवर येऊन थांबते. हातमागाचा हलका सुती कपडा, हवा आरपार जाते, आणि त्याचा प्रेपी कपाटात शिरण्याचा किस्सा तर आपल्याच लोकांचा आहे. कॅप्टन कृष्णन नायर, कण्णूरचे, तेव्हा हातमागाचं कापड परदेशी विकायचे. १९५८ च्या सुमारास न्यूयॉर्कचा एक कापड व्यापारी त्यांच्याकडून मद्रास घेऊन गेला, जे पुढे ब्रूक्स ब्रदर्सकडे गेलं. नायरांनी बजावलेलं की हे गार पाण्यात हलक्या हाताने धुवायचं, रंग वनस्पतींचे आहेत. ते गिऱ्हाइकांपर्यंत पोचलंच नाही, पहिल्या धुण्यात रंग एकमेकांत उतरले, तक्रारी आल्या, आणि मग जाहिरातच अशी केली की याचा रंग जाणार याची गॅरंटी. दर धुण्याला नवा शर्ट! अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांनी उचलून धरला. पुढे त्याच कॅप्टन नायरांनी बायकोच्या नावाने हॉटेलं काढली, लीला, मुंबईनंतर आमच्या गोव्यात मोबोरला, साळ नदीच्या मुखाशी. आता त्या हॉटेलचं नाव बदललंय पण मी तिकडून गेलो की मला हॉटेल नाही, तो रंग सोडणारा कपडा आठवतो. जी चौकडी आपल्याकडून तिकडे गेली तीच आपण आता दसपट किमतीत तिकडच्या लेबलची म्हणून घेतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण हातमागवाला तिथेच आहे आणि मीटरवर कापड अजून मिळतं.

मद्रासनंतर सीरसकर. विणताना काही ताणे घट्ट आणि काही सैल ठेवतात त्यामुळे कापडाला कायमच्या सुरकुत्या पडतात, ते अंगाला चिकटत नाही, आणि इस्त्री लागत नाही, जुलैमध्ये वीज गेलेली असताना याचं महत्त्व कळतं. लिनन सुंदर आहेच, फक्त सुरकुत्यांना घाबरायचं नाही. आणि ऑक्सफर्ड? ठेवा की, निळा एक आणि पांढरा एक, एसीच्या ऑफिसात, डिसेंबरच्या सकाळी, टीशर्टवर उघडा. कॉलरच्या आत चिकटवलेलं बकरम (ताठपणासाठीचं अस्तर) नको तेवढं फक्त बघा, आपल्या दमटपणात आणि वारंवारच्या धुण्यात ते सुटतं आणि कॉलरवर फुगे येतात. मऊ, शिवलेलं बकरम घ्या, म्हणजे बटनडाउन कॉलरला तो हलका बाक येतो ज्यासाठी लोक हा शर्ट घालतात. पावसाळ्यात चामड्याचा पट्टा घड्याळातून काढून सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात, नाहीतर आठवड्यात बुरशी. तेव्हा स्टीलचा पट्टा, आणि समुद्रावर गेलात तर घरी येऊन गोड्या पाण्याने धुवा, मऊ ब्रशने, आणि ३० मीटर लिहिलंय म्हणून पोहायला जाऊ नका, तो आकडा शिंतोड्यांपुरता आहे, पाण्यात क्रोनोग्राफची बटणं तर दाबूच नका.

या चवथीसाठी मी एक मद्रास शिवायला टाकलाय, गर्द निळा आणि पिवळसर चौकडी, मामाच्या घड्याळाला शोभेल असा, ते घड्याळ आता भाच्याकडे आहे पण चवथीला मी मागून घेतो. पाठीवर बॉक्स प्लीट, खाली गोलाई, डावा कफ मोठा, चौकड्या खांद्यावर जुळलेल्या. एका गोष्टीवरून अंकलचं आणि माझं अडलंय. मला खिसा नकोय, जुन्या बटनडाउनला सुरुवातीला नव्हताच, साठच्या दशकात आला, आणि चौकडीवर खिसा जुळवणं हे वेगळंच काम. अंकल कात्री खाली ठेवून म्हणाले, "बोल्स नाशिल्लें खमीस कसलें रे?", म्हणजे बिनखिशाचा शर्ट कसला रे. मी म्हटलं अंकल, पेन ठेवत नाही मी. ते म्हणाले, चष्मा? आणि माझ्या गळ्यात अडकवलेल्या चष्म्याकडे बोट दाखवलं. कापड अजून कापलेलं नाहीये, शनिवारी परत जायचंय, आणि मला वाटतं खिसा होणार.